तास, हद्द आणि वसुली: सेवा व्यवसाय एकट्याने किंवा दोघातिघांत चालवताना

हिशेब तपासणं, कायदेशीर कागदपत्रं करणं, आराखडे काढणं, अनुवाद, डिझाइन, सॉफ्टवेअर सल्ला. या कामांमध्ये गोदाम लागत नाही, माल पडून राहत नाही. पण विकायला जे असतं ते भाजीपेक्षाही नाशवंत असतं. भाजी निदान संध्याकाळपर्यंत टिकते, न विकलेला तास त्याच तासाला संपतो. कामाचा ढीग लागलेला असताना महिनाअखेरीला खात्यात पैसे नसणं, ही या व्यवसायाची खास तऱ्हा आहे. याचं कारण शोधलं तर ते साधारण तीन ठिकाणी सापडतं: तास मोजले नव्हते, कामाची हद्द लिहिली नव्हती, किंवा पैसे मागायला उशीर केला होता.

दर: आधी विकता येणारे तास मोजा

नोकरी सोडून आलेली माणसं सर्वसाधारणपणे पगाराला महिन्याच्या तासांनी भागतात, वर थोडं टाकतात आणि तोच आपला दर समजतात. वर्षभरात हा दर बुडवतो. हिशेब असा करा. वर्षात ५२ आठवडे, आठवड्याला ५ दिवस, म्हणजे २६० दिवस. सण, सुट्ट्या, आजारपण मिळून ४० दिवस वजा केले की उरले २२०. दिवसाला ८ तास धरले तर १७६० तास. यातले सगळे विकता येत नाहीत. नवं काम शोधणं, कोटेशन देणं, बिलं, पाठपुरावा, स्वतः शिकणं, बिघडलेला लॅपटॉप यात चाळीसेक टक्के वेळ सहज जातो. एकट्याने चालवायच्या व्यवसायात वर्षाला बिल करता येणारे १००० तास धरणं शहाणपणाचं.

आता आकडे. समजा, तुम्हाला महिन्याला १०० घरी न्यायचे आहेत. चलन कुठलंही धरा. वर्षाचे १२००. सॉफ्टवेअर, विमा, उपकरणं, हिशेबनीस, जागा यांचे ३००. झाले १५००. रिकामे आठवडे, बुडालेली बिलं आणि गंगाजळी यांसाठी त्यावर २० टक्के, म्हणजे एकूण १८००. याला १००० तासांनी भागलं की तासाचा दर १.८. नोकरीच्या हिशेबाने, फक्त १२०० ला वर्षाच्या सगळ्या २०८० तासांनी (२६० दिवस, रोज ८ तास) भागून, तोच दर ०.५८ आला असता. जवळजवळ तिपटीचा फरक आहे, आणि यात चैनीचा एकही आकडा नाही. उत्पन्नावरचा कर यात धरलेला नाही. तो तुमच्या ठिकाणच्या नियमांप्रमाणे वर चढवा.

हा दर क्लायंटला सांगायलाच हवा असं नाही. तो तुमच्यासाठी तळरेषा आहे. ठरावीक रकमेचं काम घेतलं तरी ते या रेषेच्या वर आहे का, हे तपासायला उपयोगी पडतो.

सवलतीबद्दल एक गोष्ट इथेच. १०० च्या कामात ८० खर्च आणि २० नफा असेल, तर १० टक्के सवलत म्हणजे नफा निम्मा. क्लायंटचं बजेट खरंच कमी असेल तर किंमत कमी करताना कामातलंही काहीतरी कमी करा: तीनऐवजी दोन भेटी, सविस्तर अहवालाऐवजी चार पानांचं टिपण. काम तेवढंच ठेवून आकडा खाली आणलात, तर पहिला आकडा फुगवलेला होता असं समोरच्याला वाटतं. त्याचं चुकतही नाही.

पहिले क्लायंट

सुरुवातीला वेबसाइट, लोगो, व्हिजिटिंग कार्ड यात महिना घालवणं हा काम टाळण्याचा सभ्य मार्ग आहे. त्याऐवजी ज्यांना तुमचं काम माहीत आहे अशा ३० ते ४० जणांची यादी करा: जुने सहकारी, वरिष्ठ, पुरवठादार, शेजारच्या क्षेत्रातले व्यावसायिक. प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवा. "काही काम असेल तर कळवा" याला उत्तर येत नाही, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. "२० ते ५० माणसांच्या कंपन्यांच्या पगारपत्रकातल्या चुका शोधून ती व्यवस्था लावून देतो, दोन आठवड्यांचं काम असतं" असं लिहिलं की वाचणाऱ्याला एखादं नाव आठवतं. व्याप्ती अरुंद ठेवल्याने कामं सुटतील ही भीती सगळ्यांना असते. प्रत्यक्षात अरुंद वर्णनच लोकांच्या लक्षात राहतं, आणि एकदा आत गेल्यावर इतर कामं मागून येतात.

शेजारच्या क्षेत्रातल्या व्यावसायिकांना कमी लेखू नका. हिशेबनिसाकडे वकिलाची चौकशी येते, वास्तुरचनाकाराकडे बांधकाम अभियंत्याची. असे पाचसहा लोक तुम्हाला ओळखत असतील, तर जाहिरातीशिवायही बरीच वर्षं निघतात.

अंदाज: माणूस इथे नेहमी चुकतो

कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज कमी येणं हा अनुभवाचा अभाव नव्हे, माणसाचा स्वभाव आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीचं विश्लेषण केलं. १९९४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात विद्यार्थ्यांना स्वतःचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता, लागले ५५.५ दिवस. काम स्वतःचं, विषय माहितीचा, तरीही.

उपाय म्हणजे कल्पनेने अंदाज करायचा नाही, मागच्या तत्सम कामाच्या नोंदीवरून करायचा. नोंद नसेल तर कामाचे इतके बारीक तुकडे करा की एकही तुकडा चार तासांपेक्षा मोठा राहणार नाही. "अहवाल तयार करणं: ४० तास" असं लिहिलंत की नेमकं विसरायचं तेच विसरलं जातं. तोच अहवाल फोडून पाहा: सुरुवातीची बैठक आणि तिचं इतिवृत्त ३, माहिती मागवणं आणि आठवण करून देणं ४, आलेली माहिती साफ करणं ८, विश्लेषण १४, लेखन १२, तक्ते आणि मांडणी ५, सादरीकरण ३, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या ७. बेरीज ५६. मूळ ४० मध्ये साधारण माहिती साफ करणं, विश्लेषण, लेखन आणि तक्ते एवढंच धरलेलं होतं. या बेरजेवर आणखी २५ टक्के ठेवा. क्लायंट नवा असेल तर तेही कमी पडू शकतात, कारण त्याच्याकडची माहिती कुठल्या अवस्थेत आहे हे कुणालाच माहीत नसतं, कित्येकदा त्यालाही नाही.

कामाची हद्द

घोडं पेंड खातं ते इथे. वाद होतात ते कामाच्या दर्जावरून क्वचित, "हे यात होतं ना?" यावरून फार. एक-दोन पानांचं साधं पत्र पुरतं, पण काम सुरू होण्याआधी त्याला लेखी होकार हवा. निदान "मान्य आहे" एवढा ईमेल तरी. फोनवरच्या होकाराला दोन महिन्यांनी दोन अर्थ निघतात.

पत्रात काय देणार हे सगळेच लिहितात. काय देणार नाही हे बहुतेकजण लिहीत नाहीत, आणि तोच परिच्छेद पुढे सर्वांत जास्त कामाला येतो. डिझायनर असाल तर "छपाईवर देखरेख, छायाचित्रं विकत घेणं आणि मजकूर लेखन यात धरलेलं नाही" असं स्पष्ट लिहा. त्याच्या जोडीला गृहीतकं हवीत: आकडे एकाच फाइलमध्ये मिळतील, शाखा तीन आहेत, मूळ मजकूर ४० पानांपर्यंत आहे. शाखा सात निघाल्या तर किंमत बदलणार, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

दुरुस्त्यांचं कलम नीट लिहायला हवं. "दोन दुरुस्त्या" एवढंच लिहिलं तर क्लायंटकडचे चारजण चार दिवसांत चार ईमेल पाठवतात आणि त्याला एक दुरुस्ती म्हणतात. म्हणून फेरीची व्याख्या द्या:

"या रकमेत पहिला मसुदा आणि दुरुस्तीच्या २ फेऱ्या धरल्या आहेत. एक फेरी म्हणजे तुमच्याकडच्या सर्वांच्या सूचना एकत्र करून एकाच फाइलमध्ये पाठवणं. परस्परविरोधी सूचनांचा निर्णय तुमच्याकडची नेमलेली व्यक्ती घेईल. तिसऱ्या फेरीपासून तासाप्रमाणे आकारणी होईल."

यातली "नेमलेली व्यक्ती" महत्त्वाची. मंजुरी देण्याचा अधिकार कुणाला, हे नावानिशी विचारून घ्या. नाहीतर ज्याच्यासोबत तीन आठवडे काम केलं त्याचे साहेब शेवटच्या दिवशी उगवतात आणि सगळं मुळापासून बदलायला सांगतात.

मुदत तारखेने लिहू नका. "सर्व माहिती मिळाल्यापासून कामाचे १० दिवस" असं लिहा. माहिती तीन आठवडे उशिरा आली तर उशिराचं खापर तुमच्यावर फुटत नाही. काम मध्येच थंड पडलं तर काय, हेही आधीच ठरवा: क्लायंटकडून ३० दिवस प्रतिसाद नसेल तर झालेल्या कामाचं बिल होईल, आणि पुन्हा सुरू करताना नव्याने तारीख ठरेल. कामाची मालकी पूर्ण रक्कम मिळाल्यावर हस्तांतरित होईल, आणि तुमची जबाबदारी त्या कामाच्या शुल्काएवढ्या रकमेपुरती मर्यादित राहील, ही दोन कलमं एकदा वकिलाकडून घासूनपुसून घ्या. आपल्या ठिकाणी ती किती टिकतात हे तोच सांगू शकतो.

एवढं करूनही "जाता जाता तेवढं बघून टाका ना" येणारच. या वाक्यातला "तेवढं" महाग असतो. ४० तासांचं, १०० किमतीचं, २० नफ्याचं काम घ्या. त्यात अर्ध्या अर्ध्या तासाच्या बारा विनंत्या झाल्या तर ६ तास जातात, खर्च ८० चा ९२ होतो आणि नफा ८ वर येतो. एकही विनंती मोठी नव्हती. नाही म्हणायची गरज नसते, उत्तर असं द्या: "हो, करता येईल. मूळ कामात हे धरलेलं नाही. साधारण ३ तास लागतील आणि मुदत बुधवारऐवजी शुक्रवार होईल. पुढे जाऊ का?" निम्म्या वेळा समोरूनच "राहू दे" येतं. संबंध राखण्यासाठी फुकट करायचं ठरवलंत तर जरूर करा, पण बिलावर त्याची ओळ दाखवा: "जादा तक्ते, २ तास, आकारणी शून्य". न दाखवलेला उपकार पुढच्या वेळी हक्क होतो.

प्रत्येक बैठकीनंतर २४ तासांत पाच ओळींचा ईमेल पाठवा: काय ठरलं, कोण काय करणार, कधीपर्यंत. कंटाळवाणं काम आहे. वाद झाला तर सर्वांत उपयोगी कागद मात्र हाच.

टाइमशीट

ठरावीक रकमेच्या कामातही तास लिहा. वकिलांच्या व्यवसायात तासाचा दहावा भाग, म्हणजे ६ मिनिटं, हे जुनं माप आहे. तुम्हाला १५ मिनिटांचं पुरेल. नोंद त्याच दिवशी करा. शुक्रवारी बसून सोमवारचे तास आठवायला गेलं की फोन, ईमेल आणि छोटी कामं गळतात, आणि ती नेमकी सर्वांत वेळखाऊ क्लायंटची असतात. तीन महिन्यांनी प्रत्येक क्लायंटकडून आलेल्या रकमेला त्याच्यावर गेलेल्या तासांनी भागा. सर्वांत मोठा क्लायंट तळरेषेखाली निघाला तर दचकू नका, असं बऱ्याचदा होतं.

महिन्याला ठरावीक तासांसाठी ठरावीक रक्कम देणारे रिटेनर क्लायंट असतील तर न वापरलेल्या तासांचं काय, हे लिहून ठेवा. तास पुढे साठत गेले तर वर्षअखेरीला एकाच महिन्यात सगळे मागितले जातात. पुढच्या एका महिन्यापुरतेच चालतील, नंतर संपतील, हा बरा नियम.

बिल आणि वसुली

भीड भिकेची बहीण, ही म्हण याच व्यवसायासाठी केल्यासारखी आहे. मित्रत्वाने बोलणाऱ्या क्लायंटकडे पैसे मागायला जीभ अडते, म्हणून मागण्याची पद्धत आधीच ठरवून टाका. मग विषय तुमच्या स्वभावाचा राहत नाही.

उशीर कसा साठतो ते पाहा. काम ५ जानेवारीला सुरू झालं, मसुदा २० फेब्रुवारीला गेला, दुरुस्त्या होऊन अंतिम प्रत २८ ला. बिल "पुढच्या आठवड्यात करू" म्हणून ७ मार्चला. मुदत ३० दिवसांची, म्हणजे ६ एप्रिल. पैसे दहा दिवस उशिरा, १६ एप्रिलला. सुरुवातीपासून १०१ दिवस तुम्ही क्लायंटच्या धंद्याला बिनव्याजी भांडवल पुरवलंत. आता फक्त तीन बदल करा: ४० टक्के सुरुवातीलाच, बिल अंतिम प्रतीच्याच दिवशी, मुदत १५ दिवस. क्लायंट तसाच दहा दिवस उशीर करणारा असला तरी उरलेले ६० टक्के २५ मार्चला येतात, म्हणजे ७९ व्या दिवशी. सगळ्या रकमेची सरासरी धरली तर ४७ दिवस. क्लायंट सुधारला नाही, तुमचं काम बदललं नाही, तरी पैसा अर्ध्याहून कमी काळ अडकला.

अॅडव्हान्स आल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. खात्यात जमा झाल्यावर, "आज पाठवतो" यावर नाही. दोन महिन्यांहून मोठं काम असेल तर टप्पे पाडा, पण टप्पा तुमच्या हातातल्या गोष्टीला बांधा. "मंजुरीनंतर ३० टक्के" असं लिहिलं तर मंजुरी लांबेल तसं बिलही लांबतं. "मसुदा पाठवल्यावर ३० टक्के" हे चांगलं.

मोठ्या संस्थांमध्ये बिल अडतं ते बहुधा दुष्टपणामुळे नसतं. खरेदी आदेशाचा क्रमांक लिहिलेला नसतो, कंपनीचं कायदेशीर नाव चुकलेलं असतं, किंवा बिल ज्याला पाठवलं त्याने ते पुढे पाठवलेलंच नसतं. काम सुरू होतानाच तीन गोष्टी विचारा: बिल कुणाच्या नावाने, त्यावर कुठला क्रमांक हवा, आणि हिशेब विभागात ते पाहणार कोण. बिलावर देय तारीख स्पष्ट लिहा, "१५ दिवसांत" असं मोघम नको.

पाठपुराव्याचं वेळापत्रक असं ठेवता येईल. मुदतीच्या ३ दिवस आधी हिशेब विभागाला "बिल मिळालं ना, काही अडचण?" असा ईमेल. मुदत टळल्याच्या दुसऱ्या दिवशी साधी आठवण. सातव्या दिवशी फोन, आणि फोनवर तारीख घेऊनच ठेवायचा. ती तारीख लगेच ईमेलने पक्की करा. पंधराव्या दिवशी काम थांबवत असल्याचं लेखी कळवा, आणि खरंच थांबवा. थकबाकी असताना काम चालू ठेवणं म्हणजे बुडणाऱ्या रकमेत भर घालणं. अर्थात थांबवण्याची मुभा तुमच्या पत्रात असायला हवी, नाहीतर करारभंग तुमचाच.

रोख रकमेवर नजर

नफा कागदावर दिसतो, भाडं रोखीने जातं. पुढच्या १३ आठवड्यांचा एक तक्ता ठेवा: प्रत्येक आठवड्याला येणारी रक्कम, जाणारी रक्कम, उरलेली शिल्लक. येणाऱ्या रकमा क्लायंट एरवी ज्या दिवशी देतो त्या आठवड्यात लिहा, बिलावरच्या तारखेला नको. दर सोमवारी २० मिनिटं पुरतात. सातव्या आठवड्यात खड्डा दिसला तर आज काहीतरी करता येतं, सहाव्या आठवड्यात कळलं तर फक्त उसने मागता येतात.

कराची रक्कम आलेल्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. ती तुमची नाहीच. खर्चाचे तीन महिने गंगाजळीत जमेपर्यंत स्वतःचं घरी न्यायचं वाढवू नका. आणि एकाच क्लायंटकडून एकूण उत्पन्नाच्या ४० टक्क्यांहून जास्त यायला लागलं, तर ती नोकरीच आहे, फक्त रजा आणि पगाराच्या हमीशिवायची.

विमा आणि नोंदी

व्यावसायिक जबाबदारीच्या विम्यात (कामातल्या चुकीबद्दल क्लायंटने भरपाई मागितली तर उपयोगी पडणाऱ्या) एक बारकावा हमखास निसटतो. या पॉलिसी साधारणपणे दावा ज्या वेळी होतो त्या वेळच्या असतात, काम केलं त्या वेळच्या नव्हे. म्हणजे काम केलं तेव्हा विमा होता, पण तीन वर्षांनी दावा आला तेव्हा बंद केलेला असेल, तर संरक्षण नाही. मध्येच कंपनी बदलताना जुन्या कामांना लागू होणारी मागची तारीख कायम राहते का, ते पाहा. व्यवसाय बंद केल्यावरही काही वर्षांचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं.

फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि वर्षातून दोनदा एखादी फाइल खरोखर परत मिळवून पाहा. परत न उघडणारी प्रत असून नसल्यासारखी.

माणूस घेताना

दोन महिने धावपळ झाली म्हणून कुणाला पगारावर घेऊ नका. आधी कामापुरतं बाहेरच्याला द्या. सलग तीन महिने तुमचे बिल होणारे तास क्षमतेच्या ८५ टक्क्यांवर असतील आणि पुढच्या तिमाहीचं काम हातात असेल, तर विचार करा. पहिले तीन महिने नवा माणूस तुमचा वेळ वाचवणार नाही, आठवड्याचे सहा-सात तास शिकवण्यात आणि तपासण्यात खाईल. म्हणून अगदी कामात गळ्यापर्यंत बुडाल्यावर घेतलेला माणूस बहुधा टिकत नाही: शिकवायला कुणाला वेळच नसतो.

भागीदार घेताना निम्मा-निम्मा हिस्सा गोड वाटतो. मतभेद झाले की मात्र निर्णयच होत नाही. अंतिम शब्द कुठल्या विषयात कुणाचा, एकाने कमी वेळ दिला तर वाटणी कशी, आणि बाहेर पडणाऱ्याच्या हिश्श्याची किंमत कशी ठरणार, हे पहिला क्लायंट येण्याआधी लिहून सही करा.

क्लायंट सोडताना

कामाचा दर वर्षाला बदलायचा असेल तर ६० दिवस आधी कळवा, कारणांची यादी न देता. तळरेषेखालचे क्लायंट बरेचदा इथेच आपणहून गळतात. उरलेल्याला सोडायचं असेल तर हातातला टप्पा पूर्ण करा, अंतिम बिल वसूल करा आणि मगच कळवा. उलटा क्रम केला तर शेवटचं बिल हमखास अडकतं. सोबत सुपूर्द केलेल्या फाइलींची यादी आणि अपुऱ्या कामांची एक पानी नोंद द्या, आणि मूळ कागदपत्रं परत मिळाल्याची पोच घ्या. तुमच्या प्रणालीतले त्याचे आणि त्याच्या प्रणालीतले तुमचे पासवर्ड त्याच दिवशी बंद झालेत ना, हे दोन्हीकडून तपासा.